पाठीवर गादी घेतलेला जावई

शनवारा, बुऱ्हाणपूर
१८ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई, कोकिळाचा नमस्कार घ्यावा.

साखरपुड्याला गळ्यात गळे घालून गेलेली बाई हातात मोबाइल असताना पत्र कशाला लिहिते, असं तुम्हाला वाटेल. सांगते. माझा फोनवर भरोसा नाही राहिला. आमच्या मोठ्या वर्षाच्या वेळी तिची होणारी सासू रोज संध्याकाळी फोन करायची, अन् काय ते गोड बोलणं, ऐकतच राहावं! लग्नानंतर पहिल्या दिवाळीला जावई आमच्या अंगणात फिट येऊन पडले. त्यांना ते लहानपणापासून होतं. त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक, आमच्या घरात कोणालाच नाही. विचारलं तर सासूबाई म्हणतात, "सांगितलं होतं की फोनवर, तुमच्याच ध्यानात नसेल." आजाराचा मला राग नाही हो, आजार काय कोणालाही होतो. लपवलं, त्याने माझं काळीज जळलं. तेव्हाच ठरवलं, धाकट्या मोनालीच्या वेळी जे असेल ते कागदावर. कागदाची आमच्या घरात कमी नाही, ह्यांनी सगळी नोकरी पेपर मिलमध्येच काढली. पोरा-पोरीचं फोनवर बोलणंही लग्नापर्यंत बंद ठेवलं ते याच्याचसाठी, अन् तुम्ही ते कबूल केलंत.

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारी अगदी पहाटे मी दूध आणायला गेटपाशी गेले होते. समोरून तुमचे निरंजनराव फटफटीवर. अन् पाठीवर काय, तर गादी! दुमडलेली, जाडजूड, निळी, पट्ट्यांनी खांद्याला बांधलेली. मला बघितलं नाही त्यांनी, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. त्याच्या आधीच्या रविवारी पण ते असेच गेले होते म्हणे, दूधवाला बोलला. बिनलग्नाचा माणूस सुट्टीच्या दिवशी पहाटे गादी घेऊन कुठे जातो, तुम्हीच सांगा.

मी गप बसणारी बाई नाही. ते ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतात त्या कमलाबाईंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, दुपारी धुळीने माखून परत येतात, बोटांची सालटं निघालेली असतात, अन् बराच वेळ नळाखाली नखं घासतात. कमरेला बांधायची एक कापडी थैली वाळत टाकतात. कमलाबाईंनी ती हातात घेऊन बघितली तर आतून पांढरी भुकटी उडाली. आजकाल पांढऱ्या भुकटीच्या काय काय बातम्या येतात, ते तुम्हीही वाचत असाल.

मी काही पोलीस नाही, आई आहे. अखजीचं, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्ताचं लग्न ठरलंय, पत्रिका छापायला टाकायच्या आहेत. ती भुकटी कशाची अन् ती गादी कोणासाठी, एवढं मला लिहून कळवा. फोन करू नका.

तुमची
कोकिळा


अमळनेर
२५ फेब्रुवारी २०२५

कोकिळाबाई, नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं की ते दुसऱ्याच कोणासाठी लिहिलेलं माझ्या पत्त्यावर आलं.

माझा मुलगा तुमच्या लूमच्या गावात नोकरीला आहे, कारखान्यात सुपरवायझर आहे, आपल्या पैशाने खोली घेऊन राहतो. त्याने रविवारी कुठे जावं हे त्याला मीही विचारत नाही. आणि तुम्ही दूधवाल्याला विचारता, घरमालकिणीला विचारता! उद्या त्याच्या साहेबांना विचाराल. वडील नसलेला मुलगा म्हणून ही हिंमत होते, असं मला वाटलं तर चुकतं का?

गादीचं मला माहीत नाही. पिंजाऱ्याकडे नेली असेल.

भुकटीचं म्हणाल तर ती औषधाचीच असणार. तुम्ही इतकं सगळं शोधून काढलंच आहे, तेव्हा हेही काढलं असेल. ते त्याला लहानपणापासून आहे. धुळ्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सांगितलं की घाबरण्याचं कारण नाही, वयाने कमी होतं. त्याच्या बाबांनाही होतं आणि आमचा संसार छान झाला. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही म्हणून बोलले नाही.

आता माझीही एक शंका. साखरपुड्यात निरंजन अंगठी घालत होता तेव्हा मोनालीने हात झटकन मागे घेतला. मी बघितलं. तिला आधीच कोणी काही सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर तुम्ही तेव्हाच तोंड उघडायचं होतं. हे पाहुणे गेल्यावर हेर सोडणं मला पटलेलं नाही.

वैजयंती


शनवारा, बुऱ्हाणपूर
६ मार्च २०२५

विहीणबाई,

"ते त्याला लहानपणापासून आहे." तुमचं हे वाक्य मी रोज वाचतेय. "ते" म्हणजे काय? अहो, नाव घ्या ना त्याचं!

मोनालीने हात मागे घेतला कारण तुमच्या मुलाने अंगठी चुकीच्या हाताच्या बोटात घालायला घेतली होती. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. अजून नाही.

तुम्ही हेर म्हणालात तर होय, मी माणूस पाठवला. माझा सख्खा भाऊ चुडामण दापोऱ्याला राहतो, त्याचा केळीचा मळा आहे. मळ्याच्या वरच्या अंगाला टेकडी लागते, तिथे घराएवढाले धोंडे पडलेत. चुडामण म्हणाला, "ताई, तो निळ्या गादीवाला पोरगा? तो तर आमच्याच रानात येऊन ऱ्हायला ना वं! मले वाटलं कोणी साधू-बिधू." मी म्हटलं, येत्या रविवारी केळीत लपून बस अन् सगळं नीट बघ.

त्याने बघितलं. निरंजनराव अन् सोबत एक पोरगा. एका धोंड्यापुढे गादी अंथरली. मग निरंजनरावांनी खिशातून दात घासायचा ब्रश काढला अन् दगड घासायला लागले. विहीणबाई, दगड! प्रेमाने, हळूहळू, मधूनच फुंकर मारत. मग थैलीतली भुकटी दोन्ही हातांना फासली. मग दगडापुढे मांडी घातल्यासारखे बसले, दोन्ही हात दगडाला लावले, डोळे मिटले. चुडामण म्हणतो, हे देवाचं काहीतरी आहे, कोणी भगताने सांगितलेलं.

पुढे त्याने जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही आई आहात, तुम्हाला ते ठाऊक आहे. तुमच्या मुलाची अब्रू ती माझी अब्रू, म्हणून ते नाव मी आधी कागदावर आणणार नाही. तुम्ही लिहा. हो आहे, अमुक आहे, इतकी वर्षं आहे, असं सरळ लिहा. मग आपण बसून विचार करू. मला फक्त खरं पाहिजे.

घरात सगळे विचारतात, पत्रिका का थांबवल्या. मी म्हणते प्रेसवाला गावाला गेलाय.

कोकिळा


अमळनेर
१५ मार्च २०२५

कोकिळाबाई,

काल धुळवड होती. निरंजन घरी आला नाही, शनिवार-रविवार जोडून सुट्टी असूनही. म्हणाला, "आई, ऊन तापायच्या आत माझं एक काम पुरं करायचंय." तुमच्या पत्रामुळे मी आता त्याच्या प्रत्येक वाक्याकडे संशयाने बघायला लागले आहे. हे तुम्ही केलंत.

दगड घासण्याचं मला काही कळलं नाही. आमच्या घरात भगत, देवऋषी असलं कोणी नाही आणि नव्हतं. तुमच्या भावाला केळीच्या पानांतून नीट दिसलं का?

राहिलं ते दुसरं. ठीक आहे, लिहून पाहिजे तर लिहून देते. हो, आहे. नाव मीही घेणार नाही, तुम्हाला कळलंय आणि मला ठाऊक आहे, तेवढं पुरे. शाळेत असताना फार होतं. परीक्षेला बसला की हमखास व्हायचं, कारण मन घाबरलं की ते वाढतं. पोरं चिडवायची. त्याने पोरांत मिसळणंच सोडलं होतं, तेव्हा मी ठरवलं की याबद्दल कोणापाशी बोलायचंच नाही. आता पुष्कळ कमी आहे. ती भुकटी लावली की दोन-तीन तास काही होत नाही. मांडवात चार लोकांसमोर दिसणार नाही याची आम्ही काळजी घेऊ, तुम्ही निश्चिंत असा.

एक विनंती करते, आणि मी सहसा कोणाला विनंती करत नाही. मोनालीला आत्ता सांगू नका. तिच्या मनात उगाच किळस बसेल. लग्नानंतर तो स्वतःच तिला सांगेल.

वैजयंती


शनवारा, बुऱ्हाणपूर
२० मार्च २०२५

वैजयंतीबाई,

विहीणबाई लिहीत नाही, कारण आता ते नातं उरलं नाही.

लग्नानंतर सांगेल! किती सहज लिहिलंत हो! माझी एक पोरगी या लग्नानंतरच्या सांगण्यात फसली, आता दुसरी पण घालू का?

चुडामणने काय बघितलं ते आता लिहिते. तुमचा मुलगा दगडापाशी बसला, हात लावले, अन् थोड्या वेळाने धप्पकन पाठीवर पडला. गादीवर. तसाच पडून राहिला. मग उठला, भुकटी लावली, अन् परत पडला. चुडामण म्हणतो, "ताई, तो पडू ऱ्हायला ना उठू ऱ्हायला, मले बघवलं नाही." दोन्ही हात थरथरत होते. सोबतचा पोरगा शेजारी उभा राहून बघत होता, त्याला सवय असेल.

आता मला गादी समजली. फिट येणारा माणूस कुठे पडेल याचा नेम नाही, म्हणून बिचारा स्वतःची गादी पाठीवर घेऊन हिंडतो. गावात कोणाला दिसू नये म्हणून रानात जातो, कोणा भगताच्या नादाने दगडाची सेवा करतो. खरं सांगते, हे कळल्यावर मला त्याची दया आली. मी ह्यांच्यापुढे रडलेसुद्धा. त्याने येऊन मला सांगितलं असतं, की आई, मला असं असं होतं, तर देवाशपथ मी विचार केला असता. पण तुम्ही मायलेकांनी लपवलं. लपवणाऱ्या घरात मी पोरगी देणार नाही.

मोनालीला मी सगळं सांगितलं. ती काही रडली-बिडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, तू त्यांना विचारलंस?" मी म्हटलं, विचारून कोणी कबूल करतं का? ती उठून आत गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी वर्षाशी फोनवर हळू आवाजात काहीतरी चाललेलं असतं, मी गेले की दोघी गप. माझ्याच घरात माझ्याचपासून चोरून बोलणं चाललंय. हे पण तुमच्यामुळेच.

साखरपुड्याची साडी अन् बाकीचं सामान चुडामण आणून देईल. मोजून घ्या.

कोकिळा


अमळनेर
२७ मार्च २०२५

कोकिळाबाई,

फिट? कोणाला फिट येते? अहो बाई, माझ्या मुलाच्या हाताला घाम येतो! घाम! तळहाताला! लहानपणी वही ओली व्हायची, पेपरात शाई पसरायची, कोणाच्या हातात हात दिला की समोरचा पुसून घ्यायचा. म्हणून धुळ्याचे डॉक्टर, म्हणून भुकटी. साखरपुड्यात मोनालीने हात मागे घेतला तेव्हा मला वाटलं की तिला तो ओला हात लागला आणि शिसारी आली. एवढंच मी लपवलं. घामासाठी तुम्ही सोयरीक मोडलीत!

हे सगळं लिहून मी शांत झाले असते. पण तुमच्या पत्रात "पडला" असं लिहिलंय. घामाने माणूस पडत नाही. मी त्याला लगेच फोन केला. म्हटलं, खरं सांग, तू दापोऱ्याच्या रानात पडतोस का? म्हणाला, "हो, पडतो की. खेळात पडतातच ना आई." मी म्हटलं, कसला खेळ? म्हणाला, "दगडावर चढायचा." अठ्ठावीस वर्षांचा घोडा, म्हणे दगडावर चढायचा खेळ! दगडावर माणूस चढतो आणि पडायला सोबत गादी नेतो, यावर कोण विश्वास ठेवेल? मी रागावले तर हसायला लागला. हसणं खोटं होतं. आईला कळतं.

मला आता काहीच समजत नाही. कदाचित तुम्ही म्हणता तसं त्याला काही सुरू झालं असेल आणि तो मला घाबरवायचं नाही म्हणून लपवत असेल. एकटा राहतो. खोलीत पडला तर कोण बघणार? सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांना टाकून मला निघता येत नाही. त्या गावात तुमच्याशिवाय माझं ओळखीचं कोणी नाही, हे माझं दुर्दैव.

भांडण आपण नंतर करू, मी विसरणार नाही. पण एका रविवारी तुम्ही स्वतः जा. भावाला नाही, तुम्ही. माझ्या मुलाला काय होतंय ते बघा आणि मला खरं कळवा. सोयरीक राहिली नाही तरी एवढं करा. हात जोडते.

वैजयंती


शनवारा, बुऱ्हाणपूर
७ एप्रिल २०२५

विहीणबाई,

निरंजनरावांना फिट येत नाही. हे आधी लिहिते, म्हणजे तुम्ही जरा श्वास घेऊन पुढचं वाचाल.

काल रविवारी, रामनवमीला, आम्ही गेलो. चुडामण जीप घेऊन आला होता. मी, हे, अन् मोनाली. तिला मी नको म्हणत होते, पण मी चप्पल घालेपर्यंत ती जीपमध्ये जाऊन बसलेली. मी पिशवीत एक कांदा कापून घेतला होता. वर्षाच्या नवऱ्याला पहिल्यांदा आमच्याकडे झालं तेव्हा शेजारणीने कांदा हुंगवला होता, म्हणून मला वाटलं तोच इलाज.

उजाडता उजाडता केळीतून वर गेलो. पळस अजून थोडा लाल होता. धोंडा एका मजल्याएवढा उंच असेल, पुढे पोट काढून झुकलेला. निरंजनराव पलीकडच्या अंगाला होते, आम्हाला दिसत नव्हते. दिसत होता तो सोबतचा पोरगा, त्यांच्या कारखान्यातला प्रशांत. तो दोन्ही हात वर करून उभा होता, वरून कोणी लेकरू टाकणार आहे अन् याला झेलायचं आहे असा. मी ह्यांना म्हणणार, की हा काय करतोय, तेवढ्यात पलीकडे धप्प!

आम्ही वळसा घालून गेलो तर तुमचा मुलगा गादीवर उताणा. डोळे मिटलेले, बोटं वाकडी झालेली, हात थरथरताहेत, तोंडाभोवती पांढरं. विहीणबाई, मी होते तिथेच उभी राहिले. खोटं कशाला लिहू? मला वाटलं, झालं, मी म्हटलं तेच खरं निघालं. अन् मनात कुठेतरी बरंसुद्धा वाटलं, की मी चुकले नव्हते. माणूस कसा असतो बघा.

मोनाली मात्र पळाली. ओढणी काढली, घडी करून त्यांच्या डोक्याखाली दिली, खांद्याला धरून त्यांना कुशीवर केलं, शर्टाचं वरचं बटण उघडलं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोठ्याने म्हणाली, "कोणी गर्दी करू नका." मी कांदा घेऊन पोचले तर माझ्यावर ओरडली, "आई, तो कांदा लांब ने! तोंडापाशी काही आणायचं नाही!" निरंजनरावांनी एक डोळा उघडला. म्हणाले, "मोनाली?" ती म्हणाली, "बोलू नका. पडून राहा." ते म्हणाले, "अहो, पण मला..." ती म्हणाली, "पडून राहा म्हटलं ना! मी आहे इथे."

अन् ते पडून राहिले. त्यांना काही झालेलं नव्हतं, तरी तसेच पडून राहिले, तिच्या ओढणीवर डोकं ठेवून. प्रशांतचं तोंड उघडंच होतं. चुडामण देवाचं नाव घेत होता. शेवटी ह्यांनी विचारलं, "जावईबापू, नेमकं काय झालंय?" ते पडल्या पडल्या म्हणाले, "बाबा, हात सुटला."

एवढंच, विहीणबाई. हात सुटला. तो खरंच दगडावर चढायचा खेळ आहे, बोल्डरिंग म्हणतात त्याला. दोर नाही, काही नाही, असे सुटे धोंडे असतात, खाली गादी टाकायची अन् बोटांच्या जोरावर वर जायचं, म्हणून हात थरथरतात. पडतातच, म्हणून गादी, अन् पडणाऱ्याला सांभाळायला खाली एकजण हात वर करून उभा. ब्रशने दगडाची खाच साफ करायची, नाहीतर बोटं घसरतात. भुकटी हात कोरडे ठेवायला, अन् त्याच हाताने तोंड पुसलं म्हणून तोंड पांढरं. ते म्हणाले, कारखान्यात लूमचा आवाज दिवसभर डोक्यात घुमतो, इथे शांत वाटतं. अन् म्हणाले, घामाच्या हातांची लहानपणापासून लाज वाटायची, इथे सगळ्यांचेच हात घामेजतात, सगळेच भुकटी लावतात, इथे ते चारचौघांसारखे होतात. मे लागला की दगड तव्यासारखे तापतात, म्हणून हा एक धोंडा त्याच्या आत पुरा करायचा त्यांचा हट्ट होता. धुळवडीला आले नाहीत ते याच्यामुळेच.

मला अजून भरोसा बसेना. मी विचारलंच, "इथे कोणी बाई-बिई येते का?" ते म्हणाले, "आज तुम्ही आलात." मग आमच्यासमोर परत चढले. दगडाच्या पोटाखाली लटकले, एक पाय डोक्याच्या वर नेऊन अडकवला, बोटांच्या पेरांवर सगळं अंग उचललं. दोनदा पडले, दोन्ही वेळा माझ्या तोंडून "अगं माय" निघालं. तिसऱ्यांदा वर पोचले अन् धोंड्यावर उभे राहिले. आमच्या ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मोनालीने नाही वाजवल्या, ती गादीच्या कडेला दोन्ही हात वर करून उभी होती, प्रशांतने तिला कसं उभं राहायचं ते दाखवलं होतं.

परत येताना जीपमध्ये मी तिला विचारलं, हे कुशीवर करणं, घड्याळ बघणं, हे सगळं कुठे शिकलीस? म्हणाली, "वर्षाताईकडून. तू सांगितलंस त्याच दिवशी विचारलं." तर ते चोरून बोलणं हे होतं. वर्षा तिला म्हणाली म्हणे, "घाबरू नको. दोन-चार मिनिटं धीर धरायचा असतो. माणूस चांगला असला तर बाकीचे सगळे दिवस आपलेच असतात." वर्षाने हे मला कधी सांगितलं नाही. मी तिच्या सासूला शिव्या घालण्यात इतकी वर्षं घालवली, पण पोरीला कधी जवळ बसवून विचारलं नाही, की बाई गं, तुझं कसं चाललंय? माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

मी मोनालीला म्हटलं, "अगं पण तुला तर ठाऊक होतं ना, लग्न मोडलं म्हणून? मग शिकलीस कशाला?"

ती म्हणाली, "तू मोडलं होतंस, आई. मी कुठे मोडलं होतं?"

विहीणबाई, त्यानंतर घर येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. अन् मी गप बसणारी बाई नाही, हे तुम्ही जाणता. आता मी तुमच्या दारात कोणत्या तोंडाने येऊ? मोडलेली सोयरीक जोडून द्या म्हणायचा मला हक्क नाही. पोरीसाठी म्हणते. तुमच्या मनात काय आहे ते लिहा, नाहीतर फोन करा. कसंही करा, पण कळवा.

तुमची
कोकिळा


अमळनेर
१२ एप्रिल २०२५

कोकिळाबाई,

पत्र वाचलं आणि सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या कांद्याला हसल्या. कित्येक महिन्यांनी हसल्या, म्हणून कांद्याचे आभार.

निरंजनला मी फोन केला आणि हवं तेवढं बोलून घेतलं. एका मजल्याएवढ्या दगडावरून पडणं याला खेळ म्हणायला मी अजून तयार नाही. त्या गादीची जाडी किती आहे, ते मी स्वतः येऊन हाताने दाबून बघणार आहे. टाळ्या वाजवणाऱ्या तुमच्या यजमानांबद्दलही मला शंका आहे, त्यांना सांगा.

आता सोयरिकीचं. तुम्ही दूधवाल्याला विचारलंत, घरमालकिणीला विचारलंत, भावाला केळीत लपवून बसवलंत, माझ्या मुलाला भगताच्या नादी लागलेला ठरवलंत आणि आहेर परत केलात. यातलं एकही मी विसरलेले नाही, आणि विसरेन असं वाटतही नाही. मी त्याची आई, पण त्याने खरं सांगितलं तेव्हा मला ते खोटं वाटलं आणि अमळनेरात बसून मी तुम्हाला हात जोडले. त्याच वेळी तुमच्या मुलीने तो आजारी आहे असं मनोमन धरलं होतं, त्याच्यासाठी काय करायचं ते शिकून ठेवलं होतं, आणि तो पडला तेव्हा ती मागे सरली नाही. अशी मुलगी मी सोडणार नाही. तुम्ही पुन्हा मोडलीत तरी सोडणार नाही.

पत्रिका छापायला टाका. साडी चुडामणभाऊंच्या हाती परत देते आहे, ती मोनालीला द्या आणि सांगा की सासूने दिली आहे.

अखजीला, तीस एप्रिलला, आम्ही येतो. मुलीसाठी येतो. तुमच्याशी बोलायचं की नाही, ते मी मांडवात आल्यावर ठरवेन.

वैजयंती